ट्युलिप दुसऱ्याच दिवशी माना टाकतात? आधी देठाला हात लावून बघा

सध्या सगळीकडून एकच तक्रार ऐकू येतेय. ट्युलिपचा बंच घरी आला, कळ्या घट्ट मिटलेल्या, रंग एकदम फ्रेश, हौसेने फुलदाणीत लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर निम्म्या फुलांनी माना टाकलेल्या. पुढच्या वेळी दुसरा रंग घेतला, दुसरीकडून मागवला, पाण्यात साखर घातली, तरी तेच. आणि कोविडच्या काळात हे जरा जास्तच मनाला लागलं, कारण बाहेर जाऊन वसंत बघायची सोयच उरली नव्हती. नेदरलँड्समधली कॉयकेनहॉफची बाग, जिथे दरवर्षी 70 लाखांच्या आसपास कंद लावतात आणि जी 1950 पासून लोकांसाठी उघडतेय, ती 2020 मध्ये उघडलीच नाही. फुलं मात्र वेळेवर फुलली आणि बागेतल्या माळ्यांनी व्हिडिओ काढून ती लोकांना घरबसल्या दाखवली. त्याच मार्चमध्ये डच फुलबाजारात मागणी इतकी कोसळली की चांगली ताजी फुलं ट्रॉल्या भरभरून नष्ट करावी लागली. ते फोटो ज्यांनी बघितलेत त्यांना घरात आलेल्या एका बंचचं मोल वेगळं सांगायला नको. तो आठवडाभर टिकला पाहिजे, आणि टिकतोही, फक्त नेमकं काय बिघडलंय ते आधी ओळखायला हवं.

कारण वाकलेलं प्रत्येक ट्युलिप सुकलेलं नसतं. लोक इथेच फसतात आणि नको ते उपाय करत बसतात.

ट्युलिप कापल्यावरही वाढतं. बहुतेक फुलं कापली की त्यांची उंची तिथेच थांबते, पण ट्युलिपचा देठ फुलदाणीत उभा असतानाही लांब होत राहतो, चार-पाच सेंटिमीटर तर सहज आणि कधीकधी त्याहूनही जास्त. ही वाढ मुख्यतः वरच्या भागात होते, म्हणजे सगळ्यात वरचं पान आणि फूल यांच्यामधला जो उघडा देठ असतो तिथे. आणि वाढणारा देठ उजेडाच्या दिशेने वळतो, शिवाय आडवा झाला तर शेंडा परत वर उचलतो. मग तुम्ही संध्याकाळी अगदी शिस्तीत लावलेली फुलं सकाळी खिडकीकडे झुकलेली, एखादं बाहेर लोंबून परत वर वळलेलं, असं दृश्य दिसतं. हे बिघाड नाही, हे फूल धडधाकट आहे. जुन्या डच चित्रांमधली ट्युलिप बघा, तीही अशीच वेडीवाकडी वळलेली असतात. माझं स्पष्ट मत आहे की हा डौल ही ट्युलिपची खरी मजा आहे, त्याला सरळ करायच्या मागे लागू नये. फारच एका बाजूला झुकत असतील तर रोज फुलदाणी अर्धी फिरवा, बस.

खरा प्रॉब्लेम वेगळा, तो म्हणजे तहान. ट्युलिपच्या देठात लाकडासारखा टणक भाग जवळपास नसतोच, तो उभा राहतो तो निव्वळ आतल्या पाण्याच्या दाबावर, जसा नळ सोडल्यावर बागेचा पाइप ताठ होतो आणि नळ बंद केला की लुळा पडतो तसा. पाणी वर चढायचं थांबलं की मान गेलीच.

दोन्हीतला फरक डोळ्यांनी नाही, बोटांनी कळतो. फुलाच्या बरोबर खाली, मानेजवळ, देठ अंगठा आणि तर्जनीत हलका धरा आणि किंचित दाबा. ताठ, भरीव, थंडगार लागला आणि वाकवायला गेलं की कटकन मोडेल अशी भीती वाटली तर ते फूल वाढतंय, सोडून द्या. तोच देठ मऊ, लिबलिबीत लागला, हवा तसा वळतोय पण सोडल्यावर परत येत नाही, पाकळ्या पातळ आणि कडेला चुरगळल्यासारख्या झाल्यात, तर ते तहानलेलं आहे. आणखी एक खूण म्हणजे आवाज. ताज्या बंचची पानं एकमेकांवर घासली की कुईं कुईं असा बारीक आवाज येतो, बंच उचलतानाच ऐकू येतो. पानं गुपचूप सरकली, लोंबती असली तर पाणी कमी पडलंय.

बहुतेक वेळा बंच फुलदाणीत जायच्या आधीच बिघडलेला असतो

कोविडच्या काळात सगळ्यांनी बाहेरून आलेल्या वस्तू दाराबाहेर ठेवायची सवय लावून घेतली. पार्सल, पिशव्या, सगळं काही तास नाहीतर अख्खा दिवस बाहेर. डब्याबाटल्यांना काही होत नाही, पण ट्युलिपचा बंच कोरडा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, आडवा पडून राहिला की कापलेल्या टोकातून देठाच्या नळ्यांमध्ये हवा शिरते. नंतर कितीही पाण्यात ठेवा, मध्ये हवेचा बुडबुडा अडकलाय तोवर पाणी वर जातच नाही. लोक म्हणतात फुलं आली तेव्हा तर चांगली होती! हो, होती, कारण देठात तेवढं पाणी शिल्लक होतं, ते संपलं की दुसऱ्या दिवशी मान पडते.

त्याहून वाईट म्हणजे सॅनिटायझर. फुलांवर सॅनिटायझर फवारणारे, साबणाच्या पाण्यात बुचकळणारे लोक होते, आणि त्यामागची भीती खोटी नव्हती, सुरुवातीला कोणालाच काही कळत नव्हतं. पण अल्कोहोलने पाकळीवरचा मेणासारखा पातळ थर जातो आणि तिथे आधी काचेसारखे आणि मग तपकिरी डाग पडतात, ते परत बरे होत नाहीत. नंतर अमेरिकेच्या सीडीसीनेच, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, एप्रिल 2021 मध्ये सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून लागण व्हायची शक्यता एका स्पर्शामागे साधारण 10,000 मध्ये 1 हूनही कमी असते. त्यामुळे फुलांना काही फवारू नका. कागद आणि प्लॅस्टिक काढून थेट कचऱ्यात टाका, देठ कापा, फुलं पाण्यात ठेवा आणि हात साबणाने धुवा. तरीही मन मानत नसेल, घरात वयस्कर माणसं असतील, तर बंच बाहेरच ठेवा पण बादलीत, पाण्यात उभा करून. म्हणजे दोघांचंही समाधान.

माना टाकलेला बंच परत उभा कसा करायचा

हे जरा सविस्तर सांगते कारण इथे घाई केली की सगळं फुकट जातं, आणि नीट केलं तर अगदी हातचं गेलेलं वाटणारं फूलही परत ताठ होतं.

बंचचं रबर काढा. खालची पानं नीट बघा, देठाला जिथे चिकटलेली असतात त्या खोबणीत बऱ्याचदा वाळू किंवा माती अडकलेली असते, ती नळाखाली धुऊन टाका नाहीतर तीच पाण्यात उतरून पाणी गढूळ करते. जी पानं पाण्यात बुडणार ती काढा, वरची राहू द्या.

मग देठाचं खालचं टोक बघा. काही देठांचा खालचा भाग पांढरट आणि टणक असतो, तो कंदाजवळचा, मातीखाली असणारा भाग. तो पाणी नीट ओढत नाही. तो असेल तर हिरवा भाग लागेपर्यंत सगळा कापून टाका, उंची कमी झाली तरी चालेल. नसेल तर एक-दोन सेंटिमीटर पुरे. कापायला धारदार सुरी घ्या, घरातली बोथट कात्री नको, तिने देठ कापला जायच्या आधी चेपला जातो आणि आपण ज्या नळ्या मोकळ्या करायला निघालो त्याच बंद होतात. तिरका कापला की देठ फुलदाणीच्या तळाला चपटा टेकत नाही, एवढाच त्याचा फायदा. कापल्यावर लगेच पाण्यात, मध्ये फोन वगैरे घ्यायला जाऊ नका.

आता खरी गंमत. सगळी फुलं एका उंचीवर धरून, माना हाताने सरळ करून, बंच कोरड्या कागदात घट्ट गुंडाळा. रद्दी पेपर चालतो. कागद फुलांच्या थोडा वरपर्यंत गेला पाहिजे म्हणजे मानेला आधार मिळेल, आणि खाली मात्र देठाचा सहा-सात सेंटिमीटर भाग उघडा ठेवा, नाहीतर कागद पाणी शोषून लगदा होतो आणि सगळं डोलायला लागतं. चिकटपट्टी लावा आणि उंच जगमध्ये किंवा बादलीत थंड पाण्यात अगदी सरळ उभा करा. थंड म्हणजे नळाचं गार पाणी, गरम किंवा कोमट नको, उबेने फूल भराभर उमलतं. अंधाऱ्या गार कोपऱ्यात दोन तास तरी ठेवा, रात्रभर ठेवलं तर उत्तम.

सरळ उभं का करायचं, तर देठात पाणी भरताना तो ज्या आकारात असतो त्याच आकारात ताठ होतो. वाकडा असताना पाणी भरलं तर वाकडाच ताठ होईल आणि मग तो काही सरळ व्हायचा नाही. आणि अंधार यासाठी की उजेडाकडे वळायचं कारण राहत नाही आणि पानांमधून पाणी उडून जाणंही कमी होतं. बाहेर काढल्यावर परत मानेला हात लावून बघा, फरक बोटांना लगेच कळतो. एखादं फूल रात्रभर ठेवूनही लुळंच असेल तर त्याचा देठ अर्ध्यावर कापून छोट्या पेल्यात लावा, पाण्याला चढायचं अंतर कमी झालं की कधीकधी तेही उठतं.

ठीक झालं पण चार दिवसांनी परत तेच?

मग फुलदाणी, पाणी आणि खोली तपासा, याच क्रमाने.

फुलदाणी आतून घासून धुतलेली हवी. हात लावल्यावर आत बुळबुळीत लागत असेल तर तो जिवाणूंचा थर आहे आणि तोच देठाची तोंडं बुजवतो. पाणी फार भरू नका, पाच-सात सेंटिमीटर पुरतं, जास्त पाण्यात मऊ देठ कुजतो. पण ट्युलिप पितं मात्र खूप, त्यामुळे रोज बघून भर घालायची, आणि एक दिवसाआड सगळं पाणी बदलून देठाचा एखादा सेंटिमीटर कापायचा. एवढं केलं की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

सोबत डॅफोडिल आहेत का बघा! पिवळा-लाल मिक्स बंच दिसतो सुंदर, पण डॅफोडिल कापलं की देठातून चिकट रस गळतो आणि तो ट्युलिपला बाधतो, पानं पिवळी पडतात, फुलं लवकर जातात. एकत्र लावायचीच असतील तर डॅफोडिल आधी एक रात्र वेगळ्या पाण्यात ठेवा, मग ट्युलिपसोबत लावा आणि त्यानंतर डॅफोडिलचे देठ पुन्हा कापू नका, कापले की रस परत सुरू.

आणि खोली. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कोविडच्या काळात घरं बदलली. आधी दिवसभर घर रिकामं असायचं, पडदे ओढलेले, सगळं बंद आणि गार. मग घरात सगळे चोवीस तास, स्वयंपाक तीनदा, लॅपटॉप दिवसभर चालू, आणि फूल कुठे तर त्याच कामाच्या टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी, व्हिडिओ कॉलमध्ये दिसावं म्हणून खिडकीच्या उन्हात. ट्युलिपला 15 ते 18 अंश मानवतं, त्याच्या वर गेलं की एकेक दिवस कमी होत जातो. उबेने पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वेगाने वाढते म्हणून फूल उघडतं, आणि गारव्यात बाहेरची बाजू वाढते म्हणून ते मिटतं. म्हणजे दुपारी ताटलीइतकं पसरलेलं फूल रात्री परत मिटलं तर घाबरायचं काही नाही. पण प्रत्येक उघडझापीत पाकळी थोडी थोडी लांब होत जाते, ही वाढ कायमची असते, आणि दिवसभर उबेत राहिलेलं फूल दोन-तीन दिवसांत थकून पाकळ्या गाळतं. कॉल चालू असेपर्यंत टेबलावर ठेवा, मजा घ्या, काम संपलं की उचलून घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा, जमिनीवर ठेवलं तर आणखी बरं कारण गार हवा खाली असते. एवढ्या एका सवयीने जो फरक पडतो तो पाण्यात घालायच्या कुठल्याही पावडरने पडत नाही.

पावडरीवरून आठवलं, घरगुती उपायांबद्दल. तांब्याचं नाणं टाकून काही होत नाही, जिवाणू मरण्याइतकं तांबं त्यातून पाण्यात उतरतच नाही. नुसती साखर टाकू नका, ट्युलिपला तिचा फारसा उपयोग नाही आणि जिवाणूंना मात्र मेजवानी. फुलाखाली पिन टोचायचा सल्ला फार लोकप्रिय आहे, हवा निघून जाते म्हणतात, पण हवा शिरलेली असते ती खालच्या कापलेल्या टोकातून, मग मानेला भोक पाडून तहान कशी भागणार? टोचू नका. बंचसोबत पाण्यात घालायची पुडी आली असेल आणि ती खास कंदाच्या फुलांसाठी असेल तर जरूर वापरा, त्यात पानं पिवळी पडू नयेत म्हणूनही काही घातलेलं असतं. गुलाबासाठीची साखरवाली पुडी नको. पुडी नसेल तर स्वच्छ पाणी, आणि फार तर लिटरभर पाण्यात ब्लीचचे दोन-तीन थेंब, ते दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका.

एक काळजीची गोष्ट, कारण बऱ्याच घरांत मांजरं आणि कुत्रीही असतात. ट्युलिप त्यांना बाधतं, सगळ्यात जास्त विष कंदात असतं, पानं-फुलं चावली तरी लाळ गळते, उलट्या होतात. आणि मिक्स बंचमध्ये लिली असेल तर घरात मांजर असताना ती आणूच नका, लिलीचे परागकण अंगाला लागून चाटले गेले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं गेलं तरी मांजराच्या किडन्या निकामी होऊ शकतात. माणसांनाही सतत कंद हाताळून बोटांना खाज येते, कातडी फाटते, कंद लावताना हातमोजे घाला.

कापलेली फुलं नाही, कुंडीत लावलेत त्यांच्यासाठी

लॉकडाऊनमध्ये बऱ्याच जणांनी कंद आणून कुंडीत लावले आणि तिथल्या तक्रारी वेगळ्या आहेत. फूल पानांमध्येच अडकून बसलं, देठ आलाच नाही, याचं कारण जवळपास नेहमी थंडी कमी पडली हेच असतं. ट्युलिपच्या कंदाला 12 ते 16 आठवडे सलग थंडी लागते, 9 अंशांच्या खाली, पण गोठू न देता. जिथे हवामानात ती मिळत नाही तिथे फ्रीजमध्ये द्यावी लागते आणि तिथे दुसरा घोळ होतो. कळी आली पण उमलायच्या आधीच तपकिरी, कागदासारखी वाळून गेली असेल तर आठवा की फ्रीजमध्ये शेजारी फळं होती का. पिकणाऱ्या फळांतून, सफरचंदातून तर फारच, इथिलीन वायू निघतो आणि तो कंदाच्या आत तयार झालेल्या कळीला मारतो. बाहेरून कंद ठणठणीत दिसतो, म्हणून आधी कळत नाही. फळं नसतील तर मग मातीचा गोळा एकदा पूर्ण सुकला होता का, किंवा कुंडी थंडीतून काढून थेट गरम खोलीत ठेवली का, ते बघा.

आणि एक प्रकार असा की सगळं छान चाललंय, फूल उघडायच्या बेतात आणि देठ अचानक मधूनच कोलमडतो. तिथे नीट पाहिलं तर देठावर ओलसर, गडद, आरपार दिसणारा डाग असतो, कधी तिथून पाण्याचा थेंबही येतो. हे पाणी कमी पडल्याने होत नाही. देठ उबेत इतक्या भरभर वाढतो की कॅल्शियम तिथवर वेळेत पोचत नाही आणि पेशी फुटतात. पडलेला देठ परत उभा राहत नाही, काठी बांधून काही होत नाही. डागाच्या वर कापून फूल पेल्यात लावा, ते तिथे उमलतं. आणि बाकीची कुंडी लगेच गार, हवेशीर जागी हलवा, कोंदट जागेत हे जास्त होतं.

फुलं संपल्यावर फक्त वाळलेलं फूल खुडा, पानं हिरवी आहेत तोवर कापू नका, कंद त्यातूनच भरतो. घरात असा उबवून फुलवलेला कंद पुढच्या वर्षी कुंडीत फारसा फुलत नाही. जमीन असेल आणि हिवाळा पुरेसा थंड असेल तर पानं पिवळी पडल्यावर तो बाहेर खोल लावा, एखाद-दोन वर्षांनी पुन्हा फूल येऊ शकतं. नसेल तर कंपोस्टमध्ये टाका आणि पुढच्या हंगामाला नवे कंद घ्या.